किल्टवरचे लष्करी जाकीट: धुळ्यातील एका शिंपीकामाचा अनुभव

आमच्या शाळेच्या पाइप बँडसाठी (बॅगपाइप वाजवणाऱ्या पथकासाठी) किल्टवर, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या चुणीदार घागऱ्यावर, घालायचे, जुन्या लष्करी धाटणीचे जाकीट धुळ्यातील एका दुकानातून शिवून घेतले. लग्नाच्या बँडवाल्यांचे पोशाख शिवण्यात या दुकानाचा हात चांगला बसलेला आहे, हे जरीची किनार आणि खांदेपट्ट्या पाहताच कळते. काजे तर इतकी रेखीव, की उलट बाजूनेही एक दोरा सुटलेला दिसला नाही.

अडचण आली ती लांबीत. किल्ट पँटसारखी खाली नव्हे, तर बेंबीच्या पातळीवर बांधतात; त्यामुळे नेहमीचा लांब कोट मागच्या चुण्या झाकतो आणि पुढे लटकणाऱ्या स्पोरनवर, म्हणजे चामडी बटव्यावर, येऊन अडतो. म्हणूनच १८५५ च्या सुमारास ब्रिटिश सैन्याच्या स्कॉटिश हायलँड पलटणींत आलेल्या डबलेट या जाकिटाला कमरेखाली सुट्या झडपा असतात आणि नंतरच्या खाकी जाकिटाची पुढची टोके गोलाकार कापलेली असतात. छायाचित्र देऊनही कारागिरांनी आधी सरळ घेराचाच कोट शिवला. “सर, आखूड दिसेल ना,” हे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या ट्रायलला मात्र त्यांनी बँडमधल्या मुलाला किल्ट नेसवून, त्यावरच खडूने खुणा केल्या आणि जाकीट नेमके बसले.

अस्तर पॉलिस्टरचे निघाले, हे मात्र खानदेशच्या उन्हात अक्षम्यच. एप्रिलच्या सरावात मुलाची पाठ दहा मिनिटांत भिजली. उरलेली जाकिटे याच दुकानात टाकली आहेत, सुती अस्तर स्वतः नेऊन देऊन.