थ्री-बेटनंतर कोणते पत्ते ठेवावेत? पणजीतील एका हेड्स-अप वर्गाचा अनुभव

पावसाळ्यातल्या एका शनिवार-रविवारी पणजीत भरलेल्या पोकरच्या वर्गाला मी ६,००० रुपये भरून बसलो. विषय एकच होता: हेड्स-अप, म्हणजे दोघांतच खेळले जाणारे नो-लिमिट होल्डेम. या खेळात प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते असतात, पाच सामाईक पत्ते टेबलावर टप्प्याटप्प्याने उघडतात आणि लावायच्या रकमेला मर्यादा नसते. खिडकीतून मांडवीतली कॅसिनोंची जहाजे दिसत होती. परंतु २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना तेथील खेळाच्या दालनांत मज्जाव आहे आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्याची वाटही बंद झाली आहे, त्यामुळे आम्हा आठ जणांपुढे बिनपैशाच्या चिप्स होत्या. एका अर्थी ते बरेच झाले, कारण खिशाला झळ नसली की माणूस हिशेब शांतपणे ऐकतो.

पहिला पूर्ण दिवस एकाच प्रश्नावर गेला. ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधी सक्तीने लावायची रक्कम: बटनवर, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवर, बसलेला अर्धी (स्मॉल ब्लाइंड) लावतो आणि समोरचा पूर्ण (बिग ब्लाइंड). बटनवरून आपण रक्कम वाढवून अडीच ब्लाइंडचा रेज केला आणि बिग ब्लाइंडने तो आणखी वाढवून दहावर नेला, म्हणजेच थ्री-बेट केला, तर आता हातातल्या कोणत्या पत्त्यांनी पुढे जायचे? सरांनी तयार तक्ता न काढता फळ्यावर आकडे मांडले. समोरच्याने आणखी ९ ब्लाइंड घातले ते मध्ये पडलेले साडेतीन उचलण्यासाठी. म्हणजे आपण १०० पैकी ७२ हून अधिक वेळा पत्ते टाकले, तर त्याला काहीही हातात घेऊन वाढवणे परवडते. शिवाय आपण कॉल केला, म्हणजे तेवढीच रक्कम घालून खेळात राहिलो, तरी त्याचे पोकळ हात अधूनमधून जिंकतातच, म्हणून प्रत्यक्षात आपल्याला याहून कमी वेळा टाकावे लागते. आपल्या बाजूने पाहिले तर साडेसात घालून वीसचा पॉट (मध्ये जमलेली एकूण रक्कम) मिळवायचा आहे, म्हणजे सरासरीने त्यातला ३७.५ टक्के हिस्सा आपल्याला मिळायला हवा. हेड्स-अपमध्ये बटनवाला हाच स्मॉल ब्लाइंड असतो आणि फ्लॉपनंतर (पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यावर) तो शेवटी बोलतो, ही सोय इतकी मोठी आहे की सहा जणांच्या टेबलासाठी पाठ केलेली यादी येथे दिशाभूलच करते.

माझ्या शेजारी म्हापशाचे एक गृहस्थ होते. राजा-सत्ती वेगळ्या रंगांची (इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांपैकी दोन निरनिराळ्या) असेल तर टाकायची आणि एकाच रंगाची अठ्ठी-छक्की ठेवायची, हे ऐकून ते म्हणाले, “सर, म्हणजे चवथीला तीन पत्तीत शिकलेले सगळे विसरायचे?” सरांनी उत्तर न देता राजा-सत्ती उघडी मांडली, समोर एक्का-राजा, मग राजा-राणी, मग राजा-गुलाम ठेवला आणि प्रत्येक वेळी फ्लॉपवर एक राजा टाकला. तिन्ही वेळा गृहस्थांना हवी ती जोडी लागली आणि तिन्ही वेळा बाजूच्या हलक्या पत्त्याने घात केला. अठ्ठी-छक्कीला हा धोका फारच थोडा, आणि तिला एकाच रंगाचे किंवा सलग पाच पत्ते लागले तर मोठा पॉट मिळतो.

एक्का-पंजी एका रंगाची असताना कधीकधी पुन्हा वाढवून फोर-बेट का करावा, हेही असेच हाताने दाखवले. चारही एक्के टेबलावर ठेवून त्यांतून किती जोड्या होतात ते मोजायला लावले, तर सहा निघाल्या. एक एक्का उचलला आणि तीनच उरल्या. आपल्या हातातला एक पत्ता समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याची भीती निम्मी करतो, हे इतक्या सोप्या रीतीने मला आजवर कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवसाबद्दल इतके चांगले बोलता येत नाही. सकाळीच १६९ चौकटींचा, तीन रंगांत छापलेला तक्ता हाती आला आणि दिवसभर तो घोकून घेण्यात आला. तो किती ब्लाइंडच्या स्टॅकसाठी (प्रत्येकापुढच्या चिप्ससाठी) आहे, हे त्यावर कुठेच लिहिलेले नव्हते. पुढच्या आठवड्यात फोंड्याला भाच्याशी ४०-४० ब्लाइंड घेऊन खेळताना मी तक्त्यावर विसंबून तीच अठ्ठी-छक्की घेऊन कॉल केला. पॉट वीसचा झाला आणि मागे प्रत्येकी तीसच उरले. फ्लॉपवर अठ्ठीची जोडी लागली, भाच्याने सगळे पुढे सारले, मी कॉल केला आणि त्याने गुलामांची जोडी दाखवली. १०० ब्लाइंड असते तर मागे नव्वद उरले असते: रंग लागल्यावर वसूल करायला पुरेसे आणि जोडीवर माघार घ्यायलाही वाव देणारे. तीसमध्ये दोन्ही नाही. तेथे एक्का-राजासारख्या उंच पत्त्यांचे मोल वाढते. सरांना फोन केला तेव्हा, तक्ता १०० ब्लाइंडचा आहे, हे त्यांनी लगेच मान्य केले.

दुसरी उणीव अधिक खोल वाटते. केवळ मोठ्या जोड्या आणि एक्का-राजावरच वाढवणारा सावध प्रतिस्पर्धी असेल, तर फळ्यावरचा ७२ चा हिशेब बाजूला ठेवून बरेच हात बिनदिक्कत टाकावेत; यावर दिवसअखेरीस जेमतेम पंधरा मिनिटे मिळाली. चवथीला जमणाऱ्या आमच्यासारख्या घरगुती खेळाडूंमध्ये असेच प्रतिस्पर्धी जास्त असतात.

जागा हवेशीर होती, दुपारचे जेवण ठीक होते. केवळ पहिल्या दिवसाचे वेगळे शुल्क ठेवले, तर म्हापशाच्या त्या गृहस्थांसोबत मी पुन्हा बसेन. माझ्या तक्त्याच्या डोक्यावर मात्र मी आता ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे: स्टॅक १००, रेज अडीच, थ्री-बेट दहा.