धनिन आणि चालिओ: दोन थाई उद्योगपती, दोन वाटा

धनिन चिअरवानोन यांना घरचा पाया मिळाला. १९२१ मध्ये वडील आणि काकांनी बँकॉकच्या चायनाटाउनमध्ये बियाण्यांचं दुकान थाटलं होतं. धनिन यांनी त्याला पशुखाद्य, कोंबड्या, सेव्हन-इलेव्हनची दुकानं, दूरसंचार जोडत सीपी समूहाचा पसारा वाढवला. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर ‘लोटस’ दुकानांतला मोठा हिस्सा टेस्को या ब्रिटिश दुकान-साखळीला विकावा लागला. २०२० मध्ये तीच दुकानं परत घेण्याचा सौदा केला. ही चिकाटी थक्क करते.

चालिओ यूविध्या यांच्यामागे असं काहीच नव्हतं. गरीब चिनी स्थलांतरितांच्या या मुलाने औषधविक्री केली, मग स्वतःची औषध कंपनी काढली. त्यातूनच ती बाटली आली: छोटी, तपकिरी काचेची, आत फेस नसलेलं गोडमिट्ट एनर्जी ड्रिंक, म्हणजे तरतरी आणणारं पेय. गिऱ्हाईक म्हणजे ट्रकचालक आणि कामगार. नाव ‘क्राथिंग डेंग’, म्हणजे लाल गवा! १९८४ मध्ये ऑस्ट्रियाच्या डीट्रिख माटेशित्झ यांच्याशी भागीदारी झाली, दोघांचे प्रत्येकी पाच लाख डॉलर. तोच गवा ‘रेड बुल’ होऊन जगभर गेला.

व्यवस्थापन शिकायचं तर धनिन यांचीच कारकीर्द अभ्यासावी. माझं मन मात्र चालिओंकडे झुकतं. २०१२ मध्ये वारले, तोवर मुलाखती जवळजवळ दिल्याच नाहीत.