गलगंड श्वासावर आलाय: अर्धी ग्रंथी काढायची की पूर्ण?

गलगंड म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाढून झालेली गाठ. ती बाहेरून किती मोठी दिसते, यावर ऑपरेशन ठरवू नका. संत्र्याएवढा गलगंड वर्षानुवर्षं निमूट राहतो, आणि छातीच्या हाडामागे उतरलेली, वरून जेमतेम दिसणारी गाठ श्वासनलिका चेपून टाकते. उताणं झोपलं की गुदमरणं, उशाखाली आणखी एक उशी लागणं, ही लक्षणं जास्त बोलकी. दोन्ही हात कानांना लावून सरळ वर धरल्यावर मिनिटभरात चेहरा लालजांभळा झाला, तर गाठ छातीच्या तोंडाशी अडकल्याचा संशय घ्यावा. हाडामागचं सोनोग्राफीत नीट दिसत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन हवा. बसल्या जागी श्वासाला घरघर येत असेल, तर तुलना वाचत बसू नका, आधी हॉस्पिटल गाठा.

ऑपरेशनला पर्याय म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, त्यात चिरफाड नाही. पण वर्षभरात गाठ साधारण ४० टक्केच आक्रसते आणि सुरुवातीला थोडी सुजूही शकते. ज्यांना भूल झेपणार नाही, त्यांच्यासाठीच हा मार्ग बरा.

खरा पेच अर्ध्या-पूर्ण ग्रंथीचा. गाठी एकाच बाजूला असतील तर अर्धी काढणं सरस: आवाजाची एकच नस धोक्यात येते, कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी दुसऱ्या बाजूला शाबूत राहतात, अनेकांना थायरॉइड हार्मोनची गोळीही लागत नाही. दोन्हीकडे गाठी असतील तर मात्र मी पूर्ण काढण्याच्या बाजूने आहे. ठेवलेला भाग पुन्हा वाढला, तर जुन्या व्रणातून नस शोधणं जोखमीचं. पूर्ण काढल्यावर काही दिवस ओठांना, बोटांना मुंग्या येऊ शकतात. ते कॅल्शियम उतरल्याचं लक्षण. शंभरात मोजक्यांना हा त्रास कायमचा राहतो. रोज उपाशीपोटी थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड हार्मोनची, गोळी मात्र जन्मभर.

गोळीची धास्ती जुनी आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन थिओडोर कोखर यांना १९०९ चं नोबेल थायरॉइडवरच्या कामासाठी मिळालं. पण पूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण मंदावतात, मुलांची वाढ खुंटते, हे त्यांनीच १८८३ मध्ये मांडलं होतं. तेव्हा द्यायला हार्मोनच नव्हतं.

छाती उघडावी लागेल का, हा प्रश्न सगळेच विचारतात. बहुतेक गाठी गळ्यातूनच निघतात. त्याऐवजी सर्जनना विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, आधी स्वरयंत्र तपासणार का, आणि पहिल्या रात्री गळा सुजला तर टाके उघडायला कोण हजर असेल?