पिल्लू पाहिजे तर पोळ्यालाच नाव लिहा

वावरात राहणाऱ्या कास्तकाराला राखणीसाठी कारवानी जातीच्या देशी कुत्र्याचं पिल्लू पाहिजे असेल, तर आर्वीकडच्या एका काकांकडून आम्ही घेतलं तसं बिनधास्त घ्यावं. फक्त आज मनात आलं आणि उद्या पिशवीत घालून आणलं, असं त्यांच्याकडे होत नाही. आम्ही पोळ्याला नाव लिहिलं, पिल्लू घरी आलं ते संक्रांत होऊन गेल्यावर. इतकं थांबवलं म्हणूनच मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क देते.

आमचं घर वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात, गावाबाहेर वावरातच. कपाशी, तूर, थोडा चणा. रात्री रानडुकरं आणि रोही (नीलगाय) दोन्ही येतात, जागलीला माणूस मिळत नाही. त्याआधीच्या वर्षी बाजारातून एक पिल्लू आणलं होतं. विकणाऱ्याने दोन महिन्यांचं म्हणून दिलं, पण त्याचे दातही धड आलेले नव्हते. ऐन पावसाळ्यात रक्ताची हगवण लागली आणि गेलं. माझा पोरगा कितीतरी दिवस नीट जेवला नाही.

म्हणून काकांचा पहिलाच प्रश्न ऐकून मला बरं वाटलं. किंमत सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, “ताई, घरी याच्या आंदी पिल्लू मेलं काय? कायनं मेलं?” मी सांगितलं. “मंग पार्व्हो असंन. आता घाई करू नका. पह्यले जागा साफ करा.” पार्व्हो म्हणजे पिल्लांना रक्ताची हगवण लावणारा रोग; त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाईलला दाद देत नाही, हे तेव्हा कळलं. आधीच्या पिल्लाचं पोतं आणि पट्टा जाळायला लावला, फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवायला लावली, आणि नवीन पिल्लाची जागा घराच्या दुसऱ्या अंगाला करायला सांगितली.

मग फवारणीची औषधं कुठं ठेवता, रिकामे डबे कुठं टाकता, उंदराचं औषध घरात आहे का? आमच्याकडे हे सगळं ढोरांच्या कोठ्यातच पडलेलं असतं. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, तिथे दिसेल ते चाटणाऱ्या पिल्लाची काय कथा! आम्ही कुलपाची पेटी केली. शेवटी एकच ताकीद: “डुकरामांगं, सशामांगं सोडाले पाहिजे असंन तर माह्याकडं पिल्लू नाही.” शिकार हा गुन्हा आहेच, शिवाय डुकराच्या सुळ्याने पोट फाटलेली कुत्री त्यांनी पाहिली आहेत. कुत्र्याने भुंकून जागं करावं, बाकी काम माणसाचं.

त्यांचा हिशेब मला फार पटला. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते, त्यापुढे ८ आठवडे पिल्लू आईजवळ. म्हणजे मेळ घातल्यापासून चार महिने. नवरात्राच्या सुमारास मेळ घातला तर पिल्लू माघाच्या आगेमागे हाती येतं. तोवर कापूस वेचणीची धांदल कमी होते, घरात कोणीतरी असतं. तिथून दर तीन-चार आठवड्यांनी लशीचे डोस आणि पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस, हे सगळं मृगाचा पाऊस लागायच्या आत आटोपतं. चिखल, गोचीड आणि पार्व्होचे दिवस येतात तेव्हा पिल्लू तयार असतं. आखूड केसांचं असल्यामुळे आमच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यातही ते सावलीला निभावतं. झुबकेदार केसांच्या कुत्र्यांचे इथे हाल होतात.

निवडायला बोलावलं तेव्हा आधी आई दाखवली. आमच्यासमोर ती पिल्लांना पाजत होती. फासळ्या दिसत होत्या, पण कारवानीच्या दिसतातच. डोळे स्वच्छ, अंगावर गोचीड नाही. मग काकांनी स्टीलचं ताट फरशीवर आपटलं. सगळी पिल्लं पांगली. एक कोपऱ्यात जाऊन बसलं ते बाहेरच येईना. करड्या रंगाची एक मादी चार पावलं पळाली, थांबली, वळली आणि ताट हुंगायला परत आली. “हे घ्या. भेते, पण इसरते बी.” पोराने तिला तिथेच ‘चांदी’ म्हणून हाक मारली.

नोंदणीचा कागद मागितल्यावर लगेच काढून दाखवला. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे कुत्री पाळून पिल्लं विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कोणाकडूनही घ्या, हा कागद मागाच. सोबत लशीचं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा, आईच्या अंगाखालचा गोणपाटाचा तुकडा आणि आठवडाभर पुरेल इतकं पिल्लाचं रोजचं खाणं दिलं. त्या तुकड्यावर चांदी पहिल्या रात्रीही झोपली.

उणं म्हणाल तर फोटो पाठवत नाहीत, भाव एक रुपया कमी करत नाहीत (आम्हाला ८,००० पडले), आणि पिल्लू पोचवून देत नाहीत. लशीच्या पुढच्या डोसची सोय आपली आपणच करायची. आमच्या गावच्या दवाखान्यात पार्व्होची लस नसते. वर्ध्याहून बर्फाच्या डब्यात आणावी लागते, कारण ती २ ते ८ अंशांतच टिकते. हे आधी डॉक्टरांशी बोलून ठेवा, पिल्लू आणल्यावर नाही.

एका कुत्रीची वर्षाला एकच वेत घेतात, म्हणून नावं लवकर भरतात. ५०० रुपये टोकन घेतात, पिल्लं कमी झाली तर परत करतात. फोन सकाळी लवकर करा. मग ते वावरात जातात आणि फोन घरीच राहतो.