सैन्य परत आणायचं तर तारीख आधी सांगून की परिस्थिती बघून? श्रीलंका, सोव्हिएत आणि अमेरिका शेजारीशेजारी ठेवून

भाचीला कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत विषय आलाय, "परदेशातल्या युद्धातून सैन्य मागे घेताना तारीख आधी जाहीर करावी". बाजू तिचीच तिने निवडायचीय आणि शुक्रवारपर्यंत कळवायचंय, त्यामुळे दोन दिवस घरात जेवताना पण हेच चाललंय. तिच्यासारखंच कुणाला ठरवायचं असेल म्हणून इथे सविस्तर लिहितोय. बाबा आर्मी सर्विस कोरमध्ये ड्रायव्हर होते, शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते, शेवटच्या महिन्यांत त्रिंकोमालीला. त्यामुळे मी तटस्थ राहून लिहितोय असं म्हणणार नाही.

तर पहिलं आपलंच. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, आपलं सैन्य गेलं शांतता राखायला आणि ऑक्टोबरपासून एलटीटीईशीच, म्हणजे वेगळं तमिळ राज्य मागणाऱ्या बंडखोरांशीच लढायला लागलं. जाफन्यात २५ नोव्हेंबर १९८७ ला आठ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन गेले, मुंबईत जन्मलेला माणूस, परमवीर चक्र मिळालं. एकूण साधारण बाराशे जवान गेले. परत यायची तारीख आपण ठरवलीच नव्हती, ती समोरच्याने सांगितली. प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि १ जून १९८९ ला जाहीर म्हणाले की जुलैअखेर निघा. आपण म्हणालो तमिळांची सुरक्षितता आणि प्रांतांना अधिकार हे आधी, म्हणजे परिस्थिती बघून. मग सप्टेंबरमध्ये वेळापत्रक ठरलं, दिल्लीत सरकार बदललं, आणि २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली.

म्हणजे "परिस्थिती बघून" हे धोरण यजमान देशाने नको म्हटलं की तिथेच संपतं, हा मुद्दा मला फार मोठा वाटतो. आणि तोवर प्रेमदासांच्या सरकारने आपल्याला घालवायला एलटीटीईलाच शस्त्रं दिली होती.

पण श्रीलंकेतली खरी चूक तारखेची नव्हती. निघायच्या आधी घाईघाईत तमिळ नॅशनल आर्मी उभी केली, त्यात जबरदस्तीने भरती केलेली कोवळी पोरं होती, हातात बंदुका दिल्या आणि आपण निघालो. बाबा सांगतात, गाड्यांत सामान चढत असताना एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा रोज गेटपाशी यायचा आणि मोडक्या हिंदीत विचारायचा, "साब, आप जाओगे तो हम?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. ती फौज बघता बघता कोसळली, शस्त्रं एलटीटीईकडे गेली, जूनमध्ये श्रीलंका सरकार आणि एलटीटीई पुन्हा एकमेकांवर तुटून पडले. आपल्या भरवशावर राहिलेल्या ईपीआरएलएफ या एलटीटीईविरोधी तमिळ संघटनेचे नेते पद्मनाभ तर त्याच जूनमध्ये मद्रासमध्ये मारले गेले, भारतात येऊनसुद्धा.

आता सोव्हिएत. अफगाणिस्तानात साधारण १५,००० सैनिक गमावल्यावर एप्रिल १९८८ ला जिनिव्हात करार झाला, १५ मे ला सुरुवात, अर्धं सैन्य तीन महिन्यांत बाहेर, बाकीचं १५ फेब्रुवारी १९८९ पर्यंत, आणि त्याच दिवशी सोव्हिएत सेनापती जनरल ग्रोमोव्ह सीमेवरच्या अमू दर्या नदीचा पूल चालत ओलांडून आले. तारीख जगाला माहीत होती, सोव्हिएतांशी लढणाऱ्या मुजाहिदीन बंडखोरांनाही. "तारीख सांगितली की शत्रू नुसता वाट बघत बसतो" असं जे म्हणतात त्यांनी हे उदाहरण नीट बघावं, कारण शत्रूने खरंच वाट बघितली आणि मार्चमध्ये जलालाबादवर चाल केली, तरी काबूलमधलं सोव्हिएतांच्या पाठिंब्याचं नजीबुल्लाहचं सरकार पडलं नाही. तीन वर्षं टिकलं. का? तर मॉस्कोहून डिझेल, धान्य, दारूगोळा येतच राहिला. सोव्हिएत युनियनच मोडलं, १९९२ च्या सुरुवातीला मदत बंद झाली आणि एप्रिलमध्ये काबूल गेलं. बाबा हे ऐकून म्हणाले, "रसद तुटली की पलटण संपते, त्याला काय मोठा अभ्यास लागतो."

अमेरिकेनेही तारीखच दिली होती, मग तिथे उलटं का झालं? दोहात २९ फेब्रुवारी २०२० ला करार झाला तो तालिबानशी, ज्या अफगाण सरकारला मागे राहायचं होतं ते टेबलावर नव्हतंच, आणि वर त्याच्याच तुरुंगातले ५,००० कैदी सोडायचं कबूल केलेलं. करारात अटी होत्या, पण तालिबानने त्या कितपत पाळल्या यावर निघणं अडलं नाही. ठरलेली तारीख होती १ मे २०२१, ती बायडेननी ११ सप्टेंबरवर नेली आणि नंतर ३१ ऑगस्टवर आणली. सैन्याबरोबर विमानं दुरुस्त करणारे कंत्राटी मेकॅनिकही गेले, अफगाण हवाईदल त्यांच्याच जिवावर उडत होतं. बगराम तळ जुलैच्या सुरुवातीला रात्रीतून रिकामा केला, तिथल्या अफगाण कमांडरला ते गेल्यावर कळलं. १५ ऑगस्टला काबूल पडलं. दोन आठवड्यांत सव्वा लाखाच्या आसपास लोक विमानाने काढले, तरी दुभाषे, ड्रायव्हर असे किती मागे राहिले, आणि २६ तारखेला विमानतळाच्या गेटवर स्फोट होऊन १३ अमेरिकन सैनिक आणि दीडशेहून जास्त अफगाण गेले. पुण्यात शिकणारी अफगाण मुलं तेव्हा रात्र रात्र फोन धरून बसली होती, घरचं कुणी गेटच्या आत पोचलं का एवढंच विचारत.

तिन्ही शेजारी ठेवली की मला तरी असं दिसतं की तारीख सांगितली की नाही यापेक्षा शेवटचा सैनिक गेल्यावर पैसा, इंधन आणि मेकॅनिक चालू राहतात का, ज्याला मागे ठेवतोय तो करारात आहे का, आणि आपल्यासाठी काम केलेल्या माणसांना आपल्या आधी बाहेर काढलं का, यावर सगळं ठरतं.

म्हणून भाचीला मी सांगितलंय की तारखेच्या बाजूने बोल, पण नुसती तारीख नको, मदतीचं आणि माणसं काढायचं वेळापत्रक जोडून बोल, आणि सुरुवात सोव्हिएतपासून कर कारण विरोधक काबूल २०२१ घेऊनच येणार. विरोधी बाजू घ्यायची असेल तर मात्र काबूलवर फार विसंबू नकोस, "ती तारीख चुकीची नव्हती, तयारी चुकीची होती" एवढ्या एका वाक्यात समोरचा ते खोडेल. त्यापेक्षा इराकमधलं मोसूल शहर घे. इराकमधून अमेरिकन सैन्य तीन वर्षं आधी ठरलेल्या तारखेला, डिसेंबर २०११ ला निघालं, इराकी फौजेवर अब्जावधी डॉलर ओतलेले होते, आणि तरी जून २०१४ मध्ये आयसिसपुढे ती शहर सोडून पळाली. त्याचं उत्तर माझ्याकडेही पूर्ण नाहीये.