पायथनचा स्ट्रएनम: काही महिने प्रॉडक्शनमध्ये वापरल्यानंतर

ऑर्डरची स्थिती, पेमेंटचा प्रकार, डिलिव्हरीचा टप्पा अशा ठरावीक मजकुरी मूल्यांसाठी स्ट्रएनम (StrEnum, म्हणजे अशा मूल्यांना नावं देऊन त्यांची यादी बांधणारा पायथनचा क्लास) वापरावाच, असं माझं मत आता पक्कं झालंय. फक्त तो आतून पूर्णपणे स्ट्रिंग आहे, हे सतत लक्षात ठेवावं लागतं.

हा क्लास पायथन 3.11 मध्ये, ऑक्टोबर 2022 ला आला. त्याआधी स्ट्र (पायथनचा स्ट्रिंग टाइप) आणि एनम (ठरावीक मूल्यांच्या यादीचा साधा क्लास) असा दुहेरी वारसा घेऊन काम भागवलं जायचं. तो जुना कोड तसाच ठेवून 3.10 वरून 3.11 वर गेलात तर फटका बसतो. आधी एफ-स्ट्रिंगमध्ये (मजकुरात मूल्य भरायची पायथनची सोय) सदस्य, म्हणजे यादीतली एक नोंद, टाकला की ‘पेंडिंग’ एवढं मूल्य उमटायचं, आता ‘ऑर्डरस्टेटस.पेंडिंग’ असं अख्खं नाव उमटतं. एरर येत नाही, पण यूआरएल आणि कॅशेमधल्या ‘की’ (नोंद शोधायची नावं) गुपचूप बदलतात. अपग्रेडच्या आधीच असे क्लास रेपोमध्ये (प्रकल्पाच्या सगळ्या कोडमध्ये) शोधून स्ट्रएनमवर न्या. 3.10 सुद्धा सांभाळायचं असेल तर मजकूर बनतो तिथे सदस्याचं मूल्य देणारं .व्हॅल्यू स्पष्ट लिहा.

रोजच्या कामात मात्र सुख आहे. साधा एनम जेसनमध्ये टाकायला गेलं की टाइपएरर येतो, स्ट्रएनम सरळ जातो. पायडँटिक (डेटा तपासणारी लायब्ररी) मॉडेलमध्ये फील्डचा टाइप म्हणून दिला की यादीबाहेरचं मूल्य दारातच अडतं. फास्टएपीआय (एपीआय बनवायचं फ्रेमवर्क) त्यावर 422, म्हणजे ‘चुकीचा डेटा’ असा एरर कोड, परत करतं, वेगळं व्हॅलिडेशन लिहावं लागत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे तुलना. ऑर्डरस्टेटस.कॅन्सल्ड आणि पेमेंटस्टेटस.कॅन्सल्ड यांचं मूल्य एकच असेल, तर == चं उत्तर ट्रू येतं. हॅशही (डिक्शनरी ज्यावरून की शोधते तो आकडा) सारखाच, त्यामुळे एकाच डिक्शनरीत दोन्ही की म्हणून टाकल्या तर दुसरीचं मूल्य पहिलीवर चढतं. साध्या एनममध्ये हे घडत नाही. क्रमाचंही तसंच. ‘शिप्ड’च्या पुढच्या सगळ्या ऑर्डर काढायला > लिहिलंत तर तुलना इंग्रजी वर्णक्रमाने होते आणि ‘डिलिव्हर्ड’ मागे पडतं. टप्प्यांचा क्रम हवा असेल तर तो वेगळ्या लिस्टमध्ये ठेवा.

मूल्य आपोआप भरणारं ऑटो() सदस्याचं नाव लोअरकेस करून मूल्य म्हणून देतं. टायपिंग वाचतं, पण कुणी रिफॅक्टर करताना नाव बदललं की मूल्यही बदलतं आणि डेटाबेसमधल्या जुन्या ओळी अनाथ होतात. जे मूल्य साठवलं जातं किंवा बाहेर पाठवलं जातं, ते हातानेच लिहावं. क्लासवर दुहेरी मूल्य अडवणारं @युनिक लावा. नाहीतर कॉपी-पेस्टमध्ये राहून गेलेलं दुहेरी मूल्य निमूटपणे आधीच्या सदस्याचं टोपणनाव बनतं.

डेटाबेसशी जोडताना एसक्यूएलअल्केमी या पायथन लायब्ररीचा एनम टाइप मूळात सदस्याचं नाव साठवतो, मूल्य नाही. म्हणजे कोडमधलं मूल्य स्मॉल अक्षरांत, टेबलात कॅपिटल. व्हॅल्यूज_कॉलेबल हा पर्याय दिला की मूल्य साठवलं जातं, आणि हे पहिल्या मायग्रेशनच्या (डेटाबेसच्या रचनेतल्या बदलाच्या) आधीच करायचं. पोस्टग्रेस या डेटाबेसचा स्वतःचा एनम टाइप घेतलात तर मूल्य वाढवणं सोपं, पण काढून टाकायला थेट आदेशच नाही; नवा टाइप बनवून कॉलम त्यावर हलवावा लागतो. शिवाय पोस्टग्रेस घोषित क्रमाने सॉर्ट करतो आणि पायथन वर्णक्रमाने, त्यामुळे एकच यादी दोन ठिकाणी दोन क्रमांनी दिसते. यादी वारंवार बदलणारी असेल तर साधा टेक्स्ट कॉलम आणि चेक कन्स्ट्रेंट (ठरलेलीच मूल्यं घेणारी अट) बरं.

बाहेरच्या एपीआयकडून उद्या अनोळखी मूल्य येणार, हे धरूनच चाला. ऑर्डरस्टेटस("काहीही") वर व्हॅल्यूएरर येतो. तो टाळायला क्लासमध्ये _मिसिंग_ ही, मूल्य न सापडल्यास पायथन बोलावतो ती, क्लासमेथड लिहून मूल्याच्या कडेच्या मोकळ्या जागा काढा, लोअरकेस करा आणि पुन्हा जुळवून बघा. तरीही जुळलं नाही तर ‘अननोन’ सदस्य परत करा, पण मूळ मजकूर लॉगमध्ये टाकूनच, नाहीतर पार्टनरने नवा स्टेटस सुरू केल्याचं कळतच नाही.