पणजीतली फॉरेन एज्युकेशन कन्सल्टन्सी : इस्ट एशियन स्टडीजसाठी गेलो होतो, अडीच स्टार

नाव टाकत नाही, कारण काउंटरवरची पोरं खरंच चांगली आहेत आणि त्यांचा काही दोष नाही. ऑफिस मस्त आहे, एसी आहे, गेल्या गेल्या पाणी विचारतात, भिंतीवर सगळ्या देशांचे झेंडे. आमची मुलगी बारावी आर्ट्सला, कोरियन सिरीयल बघून बघून आता हट्टच धरलाय की इस्ट एशियन स्टडीजच (म्हणजे चीन, जपान, कोरियाच्या भाषा आणि संस्कृतीचा अभ्यास) करणार, म्हटलं ठीक आहे बाई, निदान नीट विचारून तरी येऊ, म्हणून फोंड्याहून कदंबा बस पकडून गेलो.

काउन्सेलर सरांनी पहिली पंधरा मिनिटं फी, व्हिसा, बँक बॅलन्स, एज्युकेशन लोन हेच सांगितलं. माहिती चुकीची नव्हती, पण डिग्रीत नक्की करायचं काय असतं हे मी विचारलं तर म्हणाले "मॅडम, कल्चर, हिस्टरी, थोडी लँग्वेज, ते तिकडे गेल्यावर होतं आपोआप."

इथेच माझं डोकं फिरलं. आपोआप काय होतं हो? घरी येऊन दोघींनी बाहेरच्या युनिव्हर्सिट्यांचे कोर्स वाचले तर ढाचा जवळपास सगळीकडे तोच, आणि त्यात भाषाच मुख्य. अमेरिकेत साधारण असं असतं की चिनी, जपानी, कोरियनपैकी एक भाषा दोन-तीन वर्षं सलग करायची, सोबत जुन्या आणि आधुनिक काळाची ओळख करून देणारा एकेक पेपर, मग इतिहास, साहित्य, धर्म, राजकारण यातून निवडायचे, आणि बऱ्याच ठिकाणी तुम्ही कोरिया घेतला असला तरी चीन किंवा जपानचे पण पेपर करावेच लागतात, वर शेवटच्या वर्षी थिसिस नाहीतर मोठा सेमिनार पेपर. इंग्लंडमध्ये भाषा घेऊन बीए केलं तर बहुतेक चार वर्षं, त्यातलं एक वर्ष त्या देशात जाऊन. जपानी घेतली तर रोजच्या वापराच्या म्हणून ठरवून दिलेल्या कांजीच (म्हणजे चित्रलिपीतली चिनी अक्षरं) 2136 आहेत. हिला हे कळल्यावर दोन दिवस गप्प होती, पण हट्ट सोडला नाही हां.

स्कॉलरशिपचं मात्र त्यांनी बरं सांगितलं, त्याचा एक स्टार पूर्ण. कोरिया सरकारची जीकेएस म्हणजे आधी एक वर्ष भाषा, टॉपिक म्हणजे कोरियन भाषेच्या परीक्षेची लेव्हल 3 काढायची, मग चार वर्षं डिग्री, आणि मार्क 80 टक्क्यांच्या वर लागतात. जपानची मेक्स्ट, तीही एक वर्ष भाषा धरून पाच वर्षांची, एम्बसीमार्फत. पण सरांनी सांगितलं नाही ते हे, की मेक्स्टच्या लेखी परीक्षेत आर्ट्सवाल्यांना पण मॅथ्स असतं! जपानी, इंग्लिश आणि मॅथ्स. हिने दहावीनंतर मॅथ्सला जो नमस्कार केलाय तो अजून वळून बघितलं नाहीये. ही गोष्ट पैसे घेणाऱ्या माणसाने पहिल्याच भेटीत सांगायला नको? अकरावीत सायन्स-आर्ट्स ठरवताना कळलं असतं तर वेगळा विचार तरी केला असता.

भारतातलं विचारलं तर सरळ हात वर, "इंडियाचं आम्ही करत नाही". करू नका हो, पण माहीत तरी असू द्या. जेएनयूत चिनी, जपानी, कोरियनमध्ये बीए ऑनर्स आहे, सीयूईटी ही प्रवेश परीक्षा देऊन. शांतिनिकेतनात चीना भवन 1937 पासून आहे. दिल्ली युनिव्हर्सिटीत इस्ट एशियन स्टडीजचं अख्खं डिपार्टमेंट आहे, तिथे एमए होतं. म्हणजे इथे भाषेत बीए करून मग पुढे एरिया स्टडीजकडे, म्हणजे त्या भागाच्या एकूण अभ्यासाकडे जायचं असा रस्ता आहे आणि खर्च बाहेरच्यापेक्षा कितीतरी कमी.

आता एसओपी, म्हणजे हाच कोर्स का करायचाय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध. याचे वेगळे पैसे घेतात. आलेल्या ड्राफ्टमध्ये पहिलंच वाक्य "लहानपणापासून मला पूर्वेच्या संस्कृतीचं आकर्षण", आणि अर्ज कोरियाचा असताना तिसऱ्या परिच्छेदात चक्क "म्हणूनच मला जपानमध्ये शिकायचंय". दुसऱ्या कुणाचं तरी पुसायचं राहिलं. मी स्क्रीनशॉट पाठवला, सॉरी आलं, दुरुस्त करून दिलं, पण आकर्षण तिथेच. अरे, गोव्यातली मुलगी आहे, तिला लिहायला काय कमी आहे? सायबाच्या फेस्ताला अख्खा गोवा जुन्या गोव्याला जातो, तोच फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये कागोशिमाला उतरला आणि त्याच्याबरोबर जो आंजिरो नावाचा जपानी माणूस होता त्याचा बाप्तिस्मा 1548 मध्ये इथेच गोव्यात झालेला. पुढे 1582 ला नागासाकीहून चार जपानी मुलं युरोपला निघाली, ती जाता-येता गोव्यात थांबली, परतताना त्यातल्या एकाने इथे लॅटिनमध्ये भाषण केलं. चारेकशे वर्षांपूर्वीची जपानी टीनेजर पोरं आपल्या मांडवीच्या काठी! ॲडमिशनवाल्यांनी हे वाचलं तर दोन मिनिटं तरी थांबतील. हिने शेवटी स्वतःच लिहायला घेतलंय, मकाव (चीनच्या किनाऱ्यावरची जुनी पोर्तुगीज वसाहत) आणि गोवा यावर, कोरिया कुठून आणते बघू.

तर व्हिसा आणि लोनचे कागद करायचे असतील तर जा, ते काम त्यांना येतं. कोर्स कुठला घ्यायचा हे विचारायला जाऊ नका, त्यापेक्षा हवी ती भाषा शिकवणारा जवळपासचा एखादा क्लास धरा आणि आधी सहा महिने करून बघा, जपानीवाल्यांसाठी एन5, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात सोपी लेव्हल आहेच, परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. फी भरायच्या आधी एसओपी पॅकेजमधून काढून घ्या, विचारलं की काढतात. आणि हो, खाली पार्किंग अजिबात नाही, शनिवारी तर बिलकुल गाडी नेऊ नका.